जुन्या कॉम्प्युटरची भूक

"फेकू नका. मरत नाई हा. भूक लागली त्याले."

कुठलाही जुना कॉम्प्युटर समोर आला की भाऊ आधी त्याच्या डब्यावर दोन थापा मारायचे आणि हे म्हणायचे. बल्लारपुरात त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. असा माणूस तुमच्याही गावात असेल. नसेल तर कठीण आहे तुमचं.

माझ्या कॉम्प्युटरात नऊ वर्षांचं काम होतं. शाळा सुटली की गावोगाव फिरून, म्हाताऱ्या बायांपाशी बसून जमवलेले गोंडी शब्द, मराठी अर्थांसह. टायपिंगचा जुना प्रोग्राम त्या एकाच मशीनवर चालायचा, आणि फाइल इतकी फुगली होती की उघडायला गेलं की सगळं ठप्प. चंद्रपूरच्या दुकानदारानं "नवीन घ्या" म्हणून हात झटकले. मग मी शहाणपणा केला. मेमरीची नवी पट्टी मागवली. ती खाचेत बसेना, तर कानशीनं घासली!

भाऊंनी ती पट्टी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "काऊन घासलं हो गुरुजी? हे काय दाराची कडी होय?"

"आता?" मी विचारलं.

"तुमच्या मशीनले जुन्या जातीची पट्टी लागते. ते आता दुकानात भेटत नाई. पण खाचा दोन आहेत, एक रिकामी आहे. पाहून राह्यलो ना मी, घाबरता काऊन?"

मग त्यांनी गडचांदूरपासून चंद्रपूरपर्यंतचे भंगारवाले पालथे घातले. कुठे पट्टी मिळे पण अगदीच लहान, कुठे मिळे पण मेलेली. मी रोज फोन करून त्यांचं डोकं खात होतो.

आठवड्यानं त्यांचाच फोन आला. "या गुरुजी. भेटली."

खोडरबरानं पट्टीच्या कडेवरचा मळ काढून त्यांनी ती बसवली. फाइल उघडली. पार शेवटच्या शब्दापर्यंत उघडली! मी स्टुलावर धपकन बसलो आणि, सांगायला लाज कसली, रडलो. "पाहा, जेवला," भाऊ म्हणाले. पट्टी कुठून आणली विचारलं तर, "भेटली कुठीतरी."

यंदा त्या शब्दांचं पुस्तक छापून आलं. प्रत द्यायला गेलो तर दुकान रिकामं. भाऊ आणि त्यांची बायको लेकीकडे नागपूरला कायमचे निघाले होते; घरासमोर टेम्पो भरणं चाललं होतं. घरचा कॉम्प्युटर चादरीत बांधता बांधता बाई मला पाहून हसल्या.

"याच्यातलीच एक पट्टी काढून तुमच्यात टाकली ना त्यायनं. तवापासून याच्यावर पत्ते खेळतात, तर एक पत्ता पडेपर्यंत माहा चहा होऊन जाते."

मी भाऊंकडे पाहिलं. ते टेम्पोवाल्याशी उगाचच भांडत होते.