आधी वास घ्या

कॅन्टोन्मेंटमधल्या क्लबात साहेबांनी स्कॉच आणि आयरिश व्हिस्कीचे दोन पेले माझ्यापुढे ठेवून फरक विचारला, आणि मी दोन्ही औषधासारखे गटकन संपवले. बढती गेलीच, असं वाटलं.

साहेब दुसऱ्या पाहुण्यांकडे वळताच म्हाताऱ्या वेटरने दोन्हींत पुन्हा थोडी ओतली आणि ते कानडी मिसळलेल्या मराठीत कुजबुजले, "स्वल्प थांबा, अण्णा. आधी वास घ्या. धुराचा वास येतो ती स्कॉच. घाईत दोन्ही सारख्याच लागतात."

ते स्वतः थेंबही घेत नसत. डोळे मिटून रिकामे पेले हुंगूनच शिकलेले.

मी बरोबर ओळखलं. साहेब खूश झाले.

घरी हे ऐकून बायको म्हणाली, "त्यांना एकदा जेवायला बोलवा. माझ्या सारात काय असतं, ते कुणाला तरी कळेल."