आक्कांची शेड

आक्का साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत कधीच खाली बसल्या नाहीत. सभासद म्हणून खुर्ची मिळायची, त्या तिच्यामागे उभ्या. एकदा चेअरमन माइकवरून म्हणाले, "आक्का, बसा की आता." आक्का तिथूनच ओरडल्या, "बसतो की! पण मी बसून उठंस्तवर तुम्ही समदे विषय मंजूर करून जेवायला जातासा."

कोल्हापुरात त्यांनी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं; वर्गाबाहेर भाषा गावाचीच. निवृत्तीनंतर कारखान्याच्या आवारातली पडकी शेड मागून घेतली आणि उसाच्या चिपाडापासून रेझिन करायला लागल्या. लोखंड ओततात त्या फौंड्रीत साच्याची वाळू घट्ट धरतं, ते रेझिन. आमच्या फौंड्र्या ते खनिज तेलापासून केलेलं विकत आणतात, आणि इथं चिपाडाचे डोंगर बॉयलरमध्ये जळतात. आक्का भडकायच्या. "दारातलं जाळायचं आन् आखातातनं उकरून आणल्यालं इकत घ्यायचं! ह्याला अक्कल म्हणत्यात व्हय?"

मी प्रदूषणाविरुद्ध पत्रकं छापून गावात वाटायचो. पहिल्या पत्रकाचा मथळा होता, 'कार्बन हटवा!' आक्कांनी तो वाचून मला खालून वर न्याहाळलं. "कार्बन हटवलास तर तूबी हटशील की रं, मुडद्या! साबण, औषध, तुझी चप्पल, समदं त्याचंच हाय. हटवायचा न्हाय. कुठनं आणायचा, ते इचार." पत्रक मी पुन्हा लिहिलं. आजही तेच वाटतो.

एका फौंड्रीवाल्यानं त्यांचं रेझिन वापरून ओतकाम केलं. "आक्का, कास्टिंग झकास! आता पिंपानं द्या." पिंपानं द्यायचं तर जास्त चिपाड हवं, मोठी यंत्रं हवीत. आक्कांनी ती मागणी सभेत मांडायची ठरवली. संचालकांनी त्याच सभेत ठराव आणला: शेड पाडून तिथं नवा बॉयलर. आक्का बोलायला लागल्या तसा माइक बंद झाला. पुढच्या रांगांतून आरडाओरडा, "मंजूर! मंजूर!" संपला विषय. एका बाईचं म्हणणं ऐकून घेण्याएवढी हिंमत त्या व्यासपीठावर एकातही नव्हती.

शेड पडली. पुढच्या वर्षी आक्का गेल्या.

दुसऱ्याच दिवशी चौकात बोर्ड: 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आक्कांचा फोटो एवढासा, खाली सगळ्या संचालकांचे हसरे चेहरे. आणि छापलं कशावर? फ्लेक्सवर! खनिज तेलाच्याच प्लास्टिकवर! मी शिडी लावली आणि फ्लेक्स फाडून खाली काढला. चेअरमनचा माणूस धावत आला. "ओ पावणं, श्रद्धांजली हाय ती!"

"म्हणूनच काढतोय."

माझ्यावर तक्रार दिलीय म्हणे. खुशाल द्या. कोर्टात उभं केलंत, तर शेड का पाडलीत, हे मी तिथंच विचारणार आहे.