आन्सेल्मो प्रॉम्प्टरची क्षमा

आन्सेल्मो गिरेत्तीचं अर्धं आयुष्य रंगमंचाच्या तोंडाशी बसवलेल्या एका खोक्यात गेलं. प्रेक्षकांकडे पाठ, डोळ्यांसमोर गाणाऱ्यांचे बूट. प्रत्येक ओळ त्यांच्या गळ्यातून निघण्याच्या क्षणभर आधी ती कुजबुजून पुरवायची, हे त्याचं काम. जगातल्या सगळ्या थोर दुःखांची ओळख त्याला बुटांपासून झाली. मरणाऱ्या नायिकेच्या टाचा झिजल्या आहेत हे अख्ख्या पार्मा शहरात त्याला एकट्याला दिसायचं, आणि तरी सगळ्यांत जास्त रडायचा तोच.

मी त्याच्या खालच्या मजल्यावर राहायचो आणि थिएटरात सगळ्यांत वर, गॅलरीत बसायचो. आमची गॅलरी कुणाला माफ करत नाही. सूर घसरला की शिट्ट्या. गाणारा रडवेला होऊन मिलानची गाडी पकडतो, आणि आम्हाला छान झोप लागते.

दर हिवाळ्यात एक ऑपेरा ठरलेला. सरदाराची मुलगी शत्रूच्या मुलावर जीव टाकते. बाप नाही म्हणतो. तिसऱ्या अंकात ती विष पिते आणि मग इतका वेळ गाते, की एवढ्या दमात तिला डॉक्टरच्या घरापर्यंत धावत जाता आलं असतं. शेवटी बाप तिचं डोकं छातीशी घेऊन क्षमा करतो, ती मरते, आणि आम्ही नाकं पुसत जेवायला जातो. ही पोरगी घर सोडून सरळ निघून का जात नाही, असं कुणी कधी विचारलं नाही. विचारणारा परगावचा ठरला असता.

आन्सेल्मोच्या मुलीनं, इरीदेनं, रेज्जोच्या मुलावर प्रेम केलं. रेज्जो आमच्यापासून सायकलनं जाता येईल इतकं जवळ, म्हणूनच शत्रू; खरं चीज कुणाचं, यावरूनही पिढ्यान्‌पिढ्या भांडण. मुलाचं नाव ओत्तोरीनो. स्कूटर दुरुस्त करायचा.

"रेज्जोचा?" आन्सेल्मोचा आवाज जिनाभर घुमला. "मी जिवंत आहे तोवर हा माझा उंबरा ओलांडणार नाही!"

"पप्पा, तो आतच आहे," इरीदे म्हणाली. "मोरीचा नळ दुरुस्त करतोय."

"गप्प बसा हो जरा," त्याची बायको दिर्चे म्हणाली. "निदान तोटी बसवून होईपर्यंत."

पण नकार झकास झाला होता. गल्लीनं वाहवा केली, आणि दाद मिळालेला नकार मागे घ्यायचा कसा? इरीदे अबोल झाली. आन्सेल्मोला ते रीतसर वाटलं. दुसऱ्या अंकात मुलगी अबोलच असते. हळूहळू मात्र तो वाळायला लागला.

"ती तिसऱ्या अंकापर्यंत गेली तर?" एकदा जिन्यात त्यानं माझा हात धरून विचारलं.

"मग आत्ताच हो म्हण की, बाबा."

"आत्ता? मधेच?" त्यानं माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं.

फेब्रुवारीत इरीदे गांदोल्फीच्या औषधांच्या दुकानात गेली आणि तिनं उंदरांचं विष मागितलं. गांदोल्फी गॅलरीत माझ्या शेजारी बसणारा. त्यानं डोळे पुसत पुडीत खाण्याचा सोडा बांधून दिला आणि दुकान उघडं टाकून थिएटरकडे धावला. तालीम चालली होती.

"आन्सेल्मो! पोरीनं विष नेलं! म्हणजे सोडा नेला, पण तिला ते विष वाटतंय!"

सोडा आन्सेल्मोच्या कानात शिरलाच नाही. ऑपेरात सोडा नसतो. तो खोक्यातून निघून धावत सुटला, त्याच्या मागे कोरसमधले अर्धवट रंगवलेले शिपाई. जिन्यात मीही त्यांना मिळालो.

इरीदे स्वयंपाकघरात लोण्यातला भरलेला पास्ता, तोर्तेल्ली, खात बसली होती. आन्सेल्मो गुडघ्यांवर कोसळला आणि त्यानं तिचं डोकं छातीशी ओढलं. लोणी लागलेला काटा तिच्या हातातच राहिला.

"क्षमा केली, पोरी! कर त्याच्याशी लग्न! रेज्जोचा तर रेज्जोचा!"

जिन्यात हुंदके. एक शिपाई ओरडला, "पुन्हा! पुन्हा!"

इरीदेनं घास गिळला. "पप्पा, गेल्या गुरुवारी झालं आमचं लग्न. रेज्जोच्या नगरपालिकेत. नोटीस इथल्या नगरपालिकेच्या फळ्यावरही लागली होती."

लागली होती खरी. थिएटरच्या पोस्टरला अगदी चिकटून. आम्ही रोज तिथं उभे राहून यंदा बाप कोण गाणार यावर भांडत होतो.

"मग विष?"

"तिकडच्या घरात उंदीर आहेत. सांगणारच होते मी. पण मी तोंड उघडलं की माझं वाक्य तुम्हीच म्हणून टाकता."

त्यानं दिर्चेकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"साक्षीदार म्हणून सही आहे माझी," ती म्हणाली. "उठा आता. फरशी गार आहे."

तो उठला नाही. एवढी मोठी क्षमा करून झाली होती आणि ती घ्यायला कुणी नव्हतं. लोक एकेक करून उतरले. शिट्टी कुणी मारली नाही. ते मला शिट्टीहून भयंकर वाटलं. मेलेल्या मुलींसाठी तो जन्मभर रडला होता. जिवंत मुलीचं काय करायचं, हे त्याला कुणी लिहून दिलं नव्हतं.

"रविवारी जेवायला या," जाताना इरीदे म्हणाली.

कितीतरी रविवार दिर्चे एकटीच गेली. मग एकदा तोही निघाला, आणि शत्रूच्या गावात सोबत हवी म्हणून त्यानं मला ओढून नेलं.

ओत्तोरीनोनं खुर्ची पुढे केली. कुणी मेलं नाही, कुणी गायलं नाही. इरीदे घरमालकिणीबद्दल बोलली, ओलीनं फुगलेल्या भिंतीबद्दल बोलली, फार वेळ बोलली. आन्सेल्मो नुसता ऐकत होता. मधेच ती किसणी घेऊन त्याच्या ताटलीपाशी थांबली.

"पप्पा, चीज रेज्जोचं आहे. घालू?"

मी काटा खाली ठेवला.

"घाल," तो म्हणाला. "आणि त्या भिंतीचं काय झालं पुढे?"