सुलेमानभाईंचं वळण

सुलेमानभाई गेल्याची बातमी मला पोंभुर्ण्याच्या बसस्टँडवर कळली. चहात साखर कमी आहे म्हणून मी चहावाल्याशी कटकट करत होतो. तो साखर घालता घालता म्हणाला, "तुमचे बांगड्यावाले गेले नं भाऊ, आज पहाटे." कप हातातच राहिला. दोस्त तिकडे जग सोडून गेला, आणि मी इकडे चमचाभर साखरेसाठी भांडत होतो... माणूस असाच असतो, काय करता.

रिटायर होण्याआधी मी एसटीत ड्रायव्हर होतो आणि तोंडाचा फटकळ. आमच्या रूटवर सागाच्या जंगलात रस्ता नाकासमोर चालता चालता एकाएकी डावीकडे वळायचा, एका टोल्यातून, म्हणजे चार घरांच्या वस्तीतून, फिरून पुन्हा आपल्या दिशेला लागायचा. वाटेत ना नाला, ना टेकडी, ना देवाचं ठाणं. रोज तिथं गिअर बदलताना माझं तोंड सुटायचं. एकदा असाच करवादलो, "कोण्या गाढवानं आखला हा रस्ता!" मागच्या सीटवर बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन एक म्हातारा बसला होता. तो शांतपणे बोलला, "ते गाढव मीच आहो, डायवरसाहेब." अख्खी गाडी हसली. मीही हसलो. तिथून आमची दोस्ती झाली.

पुढे कधीतरी त्यांनीच सगळं सांगितलं. तरुणपणी ते डोक्यावर टोपली घेऊन, बांगड्या, मीठ, सुकट विकत या बाजारातून त्या बाजाराला पायी जायचे. जंगलातून एक जुनी सरळ पायवाट होती. तिच्यापासून बरीच आत झुरीबाई नावाची गोंड बाई झोपडीत एकटी राहायची. पाय अधू, त्यामुळे बाजार तिला कायमचा बंद. सुलेमानभाई वाट सोडून तिच्याकडे वळायचे, तिची मोहफुलं, तिची चारोळी बाजारात न्यायचे आणि परतताना तिचं मीठ-तेल आणून द्यायचे. मी विचारलं, एवढी उठाठेव कशाला? तर म्हणाले, "पह्यल्या दिशी तिनं पाणी पाजलं होतं नं मले. मंग तिचं घर टाकून सरळ कसा जाऊ?" त्यांच्या पायांनी गवत दबलं, नवी वाट पडली. झोपडीजवळच्या विहिरीचं पाणी मिळतं म्हणून मार्कंड्याच्या जत्रेला जाणाऱ्या बैलगाड्याही तिकडूनच वळू लागल्या. पुढे त्या चाकोरीवर मुरूम पडला, मुरुमावर डांबर. वाट वाकडी काऊन, हे कोणी विचारलंच नाही. झुरीबाई गेली, झोपडीही गेली, पण पाणी आणि रस्ता पाहून तिथं एकेक घर येत गेलं आणि टोला झाला.

मग तो रस्ता सरळ करायचं निघालं. ग्रामसभेत मी सुलेमानभाईंच्या शेजारीच बसलो होतो. एक तरुण उठला, "एका म्हातारीसाठी पुरा रस्ता वाकडा? काऊन?" लोक हसले. सुलेमानभाई उभे राहिले. "तवा एक होती, बाबू. आता पुरा टोला आहे." आता भांडण जुंपणार म्हणून मी बाह्या सावरल्या, तर हे म्हणतात, "रस्ता सरळच करा. बिमार माणूस लवकर दवाखान्यात पोचन. पन गाडी टोल्यातून जाऊ द्या. नाई तं तिथल्या पोरी शाळेत कशा जातीन?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातं हो!

शेवटचं भेटलो तेव्हा ते खाटेवर होते. आवाज पार बसलेला. "सरळ रस्ता चालू होऊन राह्यला म्हणते. डेपोत तुमची वळख आहे. सायबाले सांगसान नं?" मी हो म्हणालो. माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

त्यांचा चाळिसावा दिवस व्हायच्या आधीच नवा रस्ता सुरू झाला. बस सरळ निघून गेली. टोल्यातल्या पोरी दप्तरं घेऊन जुन्या थांब्यावर ताटकळल्या आणि घरी परतल्या. हे कानावर आलं तसा मी तडक डेपो गाठला. मॅनेजरसाहेब नवे, माणूस भला, पण नियमाचा. "काका, तिथं पॅसेंजर किती भेटते?" माझं डोकंच सटकलं. सुलेमानभाईंसारखं हळू बोलायचं ठरवून गेलो होतो, ते काही जमलं नाही. टेबलावर हात आपटून बोललो, "साहेब, तो रस्ता पडला तेव्हा तिथं एकच बाई होती! तिलेही चालता येत नव्हतं. तिच्यासाठी एक माणूस डोक्यावर ओझं घेऊन दर बाजाराले वळत होता. तुमच्यापाशी तं इंजिन आहे!" साहेबांनी चहा मागवला, सगळी हकिगत ऐकून घेतली आणि शाळेच्या वेळच्या दोन्ही फेऱ्या टोल्यातून न्यायला सांगितलं.

बाहेर आलो. आनंद पोटात मावेना. खिशातून फोन काढला, सुलेमानभाईंचा नंबर लावला आणि पलीकडून उचलल्याबरोबर ओरडलो, "भाई, उद्यापासून गाडी टोल्यात येऊन राह्यली!"

पलीकडून त्यांच्या सुनेचा आवाज आला, "काका... मी बोलून राह्यली."

मी तिथंच पायरीवर बसलो. ती रडत असावी, मीही रडत होतो. मग तीच म्हणाली, "जुम्म्याले हे कब्रस्तानात जाणार आहेत, काका. अब्बाले सांगा म्हणते त्याइले."