फळीच्या अलीकडचे लांजेवार सर

स्टाफरूममध्ये किस्से कोणी मुद्दाम घेऊन येत नाही. रॉकेलचा स्टोव्ह, चहाचं पातेलं आणि तास ऑफ असलेले चार मास्तर, एवढं जमलं की ते आपोआप साचतात. आमच्या साकोलीच्या शाळेत इतके साचले होते, की अर्धे रिटायर झालेल्यांसोबत निघून गेले तरी उरलेले संपत नाहीत. त्यातले बहुतेक एकट्या लांजेवार सरांचे. बाकी आम्ही नुसते हजेरीला होतो.

लांजेवार सर भूगोल शिकवायचे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका उन्हाळ्याच्या सुटीत ते हिमालयात कुठलंसं गिर्यारोहणाचं ट्रेनिंग घेऊन आले. गेले तेव्हा पायात चप्पल होती. आले ते जाड बूट, दोराचं भेंडोळं आणि फेल्ट हॅट घेऊन! ती हॅट घालून ते वर्गात यायचे आणि पोरांना हिमनदी शिकवायचे. बाहेर ऊन असं, की पोरांच्या पाट्या तापायच्या.

आल्या आल्या त्यांनी 'शिखर मंडळ' काढलं. आता आमचा मुलूख कसा? जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मधे मधे तलाव. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढलं तरी पाच-सहा गावं दिसायची.

हेडसर म्हणाले, "लांजेवार, आपल्याकडे शिखर कुठं हाय जी?"

"शिखर मनात असते सर!"

"मग एस.टी.ची स्पेशल गाडी कायले मागून राहिले?"

* * *

गाडी मिळाली नाही. मंडळाची प्रॅक्टिस मग जमिनीवरच सुरू झाली. अरुंद वाटेवर तोल सांभाळता यावा म्हणून सरांनी आम्हाला ऐन पावसाळ्यात बांध्यांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे मधल्या मातीच्या बांधांवरून, चालवलं. सगळ्यांत पुढे सायन्सचे कापगते सर. माणूस प्रेमळ, पण वजनदार. मागून लांजेवार सरांचं चालूच, "खाली पाहू नका! नजर समोर! कड्यावर खाली पाहिलं की संपलं!"

कापगते सरांनी आज्ञाधारकपणे समोर पाहिलं आणि धुरा वळला तिथे ते सरळ गेले. गुडघ्यापर्यंत चिखलात. एक पाय काढायला गेले की दुसरा आणखी खाली!

बांधीचा मालक धुऱ्यावर बसून विडी ओढत होता. त्यानं शांतपणे सगळं पाहून घेतलं.

"आमची रोवणी परवाच झाली जी मास्तर," तो म्हणाला. "तुम्ही हे नवीन बियाणं कायले लावून राहिले?"

* * *

पण फळीबद्दल सांगितलं नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही.

साकोलीहून सकाळी सायकली काढल्या की उन्हं चढायच्या आत एका पहाडीशी पोचता येई. पहाडी तशी फार उंच नाही, पण तिची एक बाजू सरळ तुटलेली. त्या कड्याच्या मध्यावर महादेवाची कपार, तिच्यापुढे गवताचा रुंद टप्पा आणि तिथे जायला एकच वाट. फळीएवढी रुंद, म्हणून नावही फळीच. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काही नाही. खूप खाली पळसाचे शेंडे. जायची वाट ती आणि यायचीही तीच. आदल्या साली तिथून एक बकरी गेली होती. खाली आपटल्याचा आवाजसुद्धा वर आला नाही म्हणे.

फळीची एक रीत होती. मधे दोन माणसं समोरासमोर आली तर वळायला जागा नाही. म्हणून पाय ठेवायच्या आधी हाक द्यायची, "येऊन राहिलो होऽऽ!" पलीकडून कोणाची हाक आधी आली असेल तर आपण गुमान थांबायचं. ज्याची हाक आधी, त्याची वाट. मग तो सरपंच असो की गुराखी.

पहिल्या खेपेला लांजेवार सरांनी अलीकडच्या मोहाच्या झाडाखाली आम्हाला लेक्चर दिलं. कापगते सरांच्या पोटाला दोर बांधला. "दुसरं टोक माझ्याकडे. बिनधास्त जा!" म्हणाले.

आम्ही गेलो. खरं सांगतो, असली मजा मी आयुष्यात पुन्हा घेतली नाही. गाल कातळाला, बोटं फटीत आणि टाचा अर्ध्या हवेत! वारा सुटला की सदरा फुगायचा आणि वाटायचं, आता हा सदराच आपल्याला घेऊन जातो. पलीकडे पोचलो आणि मी उगाचच मोठमोठ्यानं हसत सुटलो. कापगते सर रडले. दोघांनाही बरं वाटलं.

मागे वळून पाहिलं तर लांजेवार सर मोहाखालीच. शेजारी सामानाची पिशवी, हातात शेंगदाणे, आणि दोराचं टोक त्यांच्या बुडाखाली.

परत आल्यावर कापगते सरांनी विचारलं, "सर, मी पडलो असतो तर?"

"दोर माझ्याकडेच होता न!"

"धरला होता?"

"ठेवला होता."

* * *

सर स्वतः पलीकडे का आले नाहीत? "सामान सांभाळायला कोणीतरी पाहिजे न!"

पुढच्या खेपेला सामानच नेलं नाही. मग सरांना ती हाकेची रीत सापडली. ते फळीच्या तोंडाशी उभे राहायचे, घसा खाकरायचे, बुटाची लेस आवळायचे. तेवढ्यात पलीकडून कोणाची तरी हाक यायचीच. की सर लगेच बाजूला! "आधी त्यांना येऊ द्या. रीत म्हणजे रीत!"

गवताचे भारे घेतलेल्या बाया आल्या. एक बैरागी आला. नंतर बकऱ्यांचा कळप आला. बकऱ्या काही हाक देत नाहीत, पण सरांनी त्यांनाही मान दिला. आम्ही दोनदा जाऊन आलो, सर आपले तिथेच. शेवटी काठी टेकत एक म्हातारा आला. सरांची हॅट पाहून त्यानं रामराम केला आणि विचारलं, "साहेब, सरकारनं तुम्हाले इथंच ड्युटीवर ठेवलं का जी?"

* * *

त्याच ड्युटीवर असताना सरांनी फोटो काढून घेतला. फळीच्या तोंडाशी एक पाय दगडावर, खांद्यावर दोर, नजर क्षितिजावर. फोटो फ्रेम होऊन स्टाफरूममध्ये लागला. इन्स्पेक्शनला आलेले साहेब त्याच्यापुढे थांबले.

"वा! आणि पलीकडे काय आहे?"

लांजेवार सरांनी हॅट सरळ केली. "पलीकडे? पलीकडे निव्वळ साहस आहे साहेब!"

"आणि महादेव," कापगते सर हळूच म्हणाले.

* * *

लांजेवार वहिनी म्हणजे शांत बाई. कधी आवाज चढलेला कोणी ऐकला नाही. त्यांनी एकदा नवऱ्याला म्हटलं, "मलेही न्या न एकदा त्या फळीवर. महादेवाचं दर्शन होईल."

"अवं, ते बायकांचं काम नाही! तिथं जीव मुठीत धरून जावं लागते."

वहिनी "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी विरजण मागायला आल्या, तेव्हा माझ्या बायकोला म्हणाल्या, "आमचे सर इतक्या खेपा त्या गोट्याधोंड्यांतून जाऊन आले, पण बुटाचे तळवे पाहा न बाई, अजून नवेच हायेत!"

* * *

आणि मग तो फोटो नागपूरच्या पेपरात छापून आला. खाली ओळ होती, 'मृत्यूच्या कड्यावरचे शिक्षक'. पहाडीखालच्या गावचा सरपंच ते कात्रण घेऊन थेट शाळेत. महाशिवरात्रीच्या जत्रेत सरांचा सत्कार! शाल, श्रीफळ, हार! कुठं? तर महादेवाच्या कपारीपुढं. म्हणजे फळीच्या पलीकडं!

सरांचा चेहरा पांढरा पडला. "घसा बसला हाय," म्हणाले. "भाषण जमणार नाही." सरपंच म्हणाला, "भाषण नको जी, तुम्ही फक्त येऊन उभे राहा." हेडसरांनी सगळ्या स्टाफला सुटी दिली. आता हे पाणी कुठवर जाते ते सगळ्यांनाच पाहायचं होतं. सरांनी फळी ओलांडली तर शाल, नाही तर साकोलीत तोंड दाखवायची सोय नाही!

शिवरात्रीला जत्रा तुडुंब. पलीकडं सरपंच शाल घेऊन उभा, वाजंत्रीवाले तयार. अलीकडं मोहाखाली लांजेवार सर. त्यांनी पिशवी झाडाशी ठेवली. पिशवीत वहिनींनी दिलेला उपासाचा डबा. सर फळीच्या तोंडाशी आले, लेस आवळली आणि पलीकडून दर्शन घेऊन परतणाऱ्याची हाक आली, "येऊन राहिलो होऽऽ!"

"आधी त्यांना येऊ द्या," सर बाजूला झाले. कधी नव्हे तो चेहऱ्यावर रंग आला. जत्रेचा दिवस! एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. हाक काही थांबेना. शाल धरून सरपंचाचे हात दुखले. वाजंत्रीवाले खाली बसले. ऊन कलायला लागलं. सर दरवेळी हात जोडून म्हणत होते, "या, या. रीत म्हणजे रीत!"

तेवढ्यात पलीकडून बाईचा आवाज आला. "थांबा जी सगळे!"

पाहतो तर लांजेवार वहिनी! सकाळीच गावातल्या बायांच्या रांगेत मिसळून त्या कधी पलीकडं गेल्या, कोणाला पत्ता नाही. नऊवारीचा काष्टा खोचलेला, कपाळाला महादेवाचा अंगारा. त्या फळीच्या पलीकडच्या तोंडाशी हात आडवा धरून उभ्या राहिल्या.

"आता कोणीच हाक देऊ नका बाप्पा! आमच्या सरांची पाळी हाय."

दोन्हीकडं माणसंच माणसं आणि सगळ्यांचे डोळे एका हॅटवर. सरांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. माझ्याकडंही पाहिलं. मी काय करणार? मग त्यांनी बूट काढले, हॅट काढली आणि आवाज फाटल्यासारखी हाक दिली, "येऊन... येऊन राहिलो होऽऽ!"

आणि सर खाली बसले. बसल्या बसल्या, पाठ कातळाला घासत, डोळे गच्च मिटून, बूड सरकवत सरकवत निघाले. सुरुवातीला पोरं खिदळली. पण मधे एका जागी सरांच्या टाचेखालून दगड सुटला आणि खाली गेला. आम्ही कान लावून उभे, आवाज येईना. माझं हसू तिथेच आटलं. मी कापगते सरांचा दंड धरला. सरांचं काही बरंवाईट झालं तर? सगळ्यांनी मिळून केली थट्टा आणि जीव त्यांचा! वहिनी मात्र पलीकडून एकसुरात बोलत होत्या, "या. अजून थोडं. डावा पाय. या. मी हाय इथं."

सर पोचले. काय तो गलका! वाजंत्री वाजली, नारळ फुटले, खांद्यावर शाल आली. कापगते सर इकडं पुन्हा रडले. सरांनी डोळे उघडले, पँट झटकली, गळ्यातला हार सरळ केला. आणि बसलेला घसा एकदम मोकळा झाला! हात वर करून अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल असं भाषण सुरू. "बंधूंनो, भीती ही फक्त एकदाच असते! एकदा ओलांडली, की मग माणूस या कड्यावरून हसत खेळत जाईल, नाचत येईल!"

टाळ्या थांबायची वाट पाहून वहिनींनी पदर खांद्यावर घेतला आणि एका दगडावर नीट मांडी घालून बसल्या.

"मग डबा घेऊन या न जी," त्या म्हणाल्या. "तिकडं मोहाखालीच राहिला. मले भूक लागली."