ताणावरची बाग

नोकरीसाठी गाव सोडलं त्या दिवशी बाबा मला स्टँडवर सोडायला आले नाहीत. डिसेंबर होता. आई शेवटपर्यंत माझ्या पिशवीत काहीबाही कोंबत होती. बाबा दारातूनच म्हणाले, "मले नाही जमत. बागेले पाणी देणं हाय." मोटरसायकलला किक मारली आणि गेले. नरखेडहून नागपूरच्या एस्टीत मी फुगून बसले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

आता माझं ऑफिस नागपुरात सदरमध्ये आहे, फ्लॅटला लिफ्ट आहे आणि घरची संत्र्याची बाग असून संत्री मी वजनावर विकत घेते, याचं हसू येतं. रविवारी लॅपटॉप उघडून गावाबद्दल लिहीत बसते. ऑफिसातली मैत्रीण एकदा चहा पिताना म्हणाली, कशाला एवढी डोकेफोड करतेस, कोण वाचतं? तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. नाव व्हावं म्हणून लिहिते की करमत नाही म्हणून? मग मी जुनं लिहिलेलं सगळं काढून वाचलं. विहिरीबद्दल लिहिलेलं असो की शाळेबद्दल, फिरून फिरून मी त्या डिसेंबरवरच येत होते. पोरीपेक्षा झाडं जवळची असलेला एक बाप माझ्या प्रत्येक लेखात होता.

त्यातलाच एक लेख मी आईला फोनवर वाचून दाखवला. तिचे डोळे आताशा अधू झालेत, पण कान तिखट आहेत. पाण्याच्या वाक्याशी तिने मला थांबवलं.

"डिसेंबरात कोण पाणी देते वं? बाग ताणावर होती. पाण्याची मोटर बंद होती."

मी गारच पडले. संत्र्याला बहार धरायचा तर आधी महिना-दीड महिना पाणी तोडतात, त्यालाच ताण म्हणतात. झाडं पार मलूल होतात, पाहवत नाहीत, पण त्यानंतर पाणी दिलं की फुलतात. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे सांगेल. मी त्याच बागेत वाढले आणि इतकी वर्षं भर ताणात बागेला पाणी देणारा बाप रंगवत बसले होते.

मग बाबा त्या दिवशी होते कुठे? आई म्हणाली, त्यायलेच विचार, आणि तिने फोन बाबांकडे दिला. मी तेच त्यांना विचारलं.

"एस्टीच्या मांगंच होतो," बाबा म्हणाले. "काटोलपर्यंत."

"काहून बाबा? समोर काहून नाही आले?"

"मले पाह्यलं असतं त तू उतरून आली असती. अन् मंग म्या तुले जाऊ देलं नसतं."

ऑफिसात मी 'क्यूं' आणि 'व्हाय' म्हणते. 'काहून' तोंडातून कधी निघालं ते कळलंही नाही. मी रडले, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

मैत्रिणीला द्यायचं उत्तर आता माझ्याकडे आहे. मला जे ठाऊक आहे ते सांगायला मी लिहीत नाही. माझ्याकडून काय निसटलं ते कुणीतरी सांगावं म्हणून लिहिते. तुम्हीही गाव सोडून आला असाल तर एकदा लिहून पाहा, आणि मागे राहिलेल्यांना वाचून दाखवा. 'असं नव्हतं वं' असं म्हणणारं माणूस जिथे आहे, ते माझं घर. ती माणसं आहेत तोवर विचारून घ्यायचं आहे, याचीच आता घाई वाटते.

त्या दिवशी फोन ठेवताना बाबांनी जरा संशयानेच विचारलं, "हे बी लिहून राहिली काय?"

मी हो म्हटलं.

"मंग लिही. पण एस्टी काटोलले थांबली तवा म्या तुयाच खिडकीखाली होतो, हे बी लिही."