क्लाउड रिक्षातून निघाला

किस्से काही ठरवून गोळा करता येत नाहीत राव. खुर्चीवरच्या धुतलेल्या कपड्यांसारखे ते आपोआप साठत जातात. अंबरनाथच्या आमच्या टीचभर सॉफ्टवेअर कंपनीत तर काम कमी आणि किस्सेच जास्त!

*

खऱ्या क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या कॉम्प्युटरचं, खातं मंजूर व्हायला वेळ होता. म्हणून आपापल्या लॅपटॉपवरच खोटा क्लाउड उभारायचं ठरलं. इन्स्टॉल केला आणि सगळ्यांचे लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखे घरघरायला लागले. आमचे बॉस भोईरसाहेब, बदलापूरच्या हेंद्रेपाड्याचे, लॅपटॉपला हात लावून म्हणाले, "क्लाउड ना रे हा? मग तापतोय कशाला?"

*

ह्या क्लाउडची एक खोड. लॅपटॉप बंद झाला की आतलं सगळं साफ! आमच्याकडे शुक्रवारी लाईट जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. तरी पहिल्याच शुक्रवारी आम्ही चार्जिंग करायला विसरलो. वृषाली रिकाम्या स्क्रीनकडे बघत म्हणाली, "माझ्या पोरांचा पसारा असा आवरला असता तर!"

ही वृषाली कात्रपची. मुलांसाठी नोकरी सोडलेली, बऱ्याच वर्षांनी परत आलेली आणि अजून प्रोबेशनवर. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "शेठना डेमो आवडला तरच परमनंट." तिच्यापेक्षा आम्हालाच जास्त धाकधूक.

*

शेठ म्हणजे उल्हासनगरचे जीन्सवाले. त्यांच्यासाठी आम्ही ऑर्डर घ्यायचं सॉफ्टवेअर बनवत होतो. वृषालीने त्यांच्या मालाची सगळी माहिती भरली आणि उत्साहात लिंक पाठवून दिली. फक्त तिच्याच लॅपटॉपवर उघडणारी लिंक! शेठचा फोन, "मॅडम, तुमचा क्लाउड अंबरनाथच्या पुढे येतच नाय!"

बिचारीचा चेहरा एवढासा झाला. "स्क्रीन शेअर करते ना, शेठ."

"नाय नाय. माल हात लावून बघणार. आणि संध्याकाळी मी बाहेरगावी चाललो."

*

मग काय! उघडा लॅपटॉप मांडीवर घेऊन वृषाली रिक्षात, शेजारी चार्जर घेऊन मी. झाकण मिटलं असतं तर क्लाउड कायमचा झोपला असता. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "ताई, पिक्चर लावलाय?"

"नाही दादा, नोकरी आहे. खड्डे चुकवा!"

*

दुकानात पोचलो तेव्हा बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. शेठनी स्वतःचा पंखा बंद करून प्लग दिला. मग एका बोटाने ऑर्डर टाकली. रद्द केली. परत टाकली. वृषालीच्या हातातलं पाणी तसंच राहिलं.

तिच्यासमोरच शेठनी भोईरसाहेबांना फोन लावला.

"भोईरसाब, क्लाउड चांगला आहे. पण एक बात. कधीपण पाठवला ना, ह्याच मॅडमबरोबर पाठवायचा!"